तुम्ही या जाऊन, मी बसते इथंच

कार्तिक जवळ आला की मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत दिंडीची जुळवाजुळव सुरू होते. लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव, शिवाय कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवरचा मुलूख, अशा चहूबाजूंनी वीरशैव लिंगायत भाविक पायी निघतात आणि कार्तिकी पौर्णिमेला कपिलधार गाठतात. बीडच्या दक्षिणेला, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरघडीत हे ठिकाण आहे. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्या संत मन्मथस्वामींची समाधी इथे आहे. त्या ग्रंथाची पारायणे आजही गावोगाव होतात, आणि ज्यांनी आयुष्यभर पारायणे केली त्यांना एकदा तरी कपिलधारच्या मातीला पाय लागावेत असे वाटते.

कपिलधारची दुसरी गर्दी याच्या तीन महिने आधी येऊन गेलेली असते. श्रावण-भाद्रपदात पाऊस नीट झाला की कड्यावरून पाणी कोसळू लागते आणि बीड, केज, पाटोदा, अंबाजोगाईकडची पोरे मोटारसायकलवर ट्रिपल सीट बसून येतात. एखाद्या रविवारी सबंध कुटुंब जीपगाडीतून येते. हा जिल्हा पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला कड्यावरून फुकट वाहणारे पाणी काय वाटत असेल, हे कोकणातल्या वाचकाला सांगून कळायचे नाही. बीडकरांच्या लेखी धबधबा हा निसर्गाचा वार्षिक सण आहे.

म्हणजे एकच जागा, एकीकडे तीर्थ आणि एकीकडे सहल. दोन्ही गर्दींना इथे येताना कुणाची परवानगी लागत नाही. तिकीट नाही, जात विचारणारा नाही, वय विचारणारा नाही. तरीही दोन्ही वेळेला गाडीतळावर एक वाक्य हमखास ऐकू येते. गुडघे धरलेली आजी ते बोलते, पोलिओने पाय गेलेला काका बोलतो, सातवा महिना लागलेली सून बोलते, चार महिन्यांचे लेकरू कडेवर असलेली बाई बोलते.

“तुम्ही या जाऊन, मी बसते इथंच.”

या वाक्यात तक्रार नसते. घरच्यांचा विरस होऊ नये म्हणून ते हसून म्हटलेले असते. घरचेही “बरं, आलोच अर्ध्या तासात” म्हणून निघतात आणि मग आजी गाडीच्या काचेतून माणसांचे पाय बघत दोन तास बसते. सार्वजनिक जागा सर्वांसाठी खुल्या असाव्यात, यावर भाषणे पुष्कळ होतात. त्या जागांची खरी परीक्षा मात्र गाडीत बसून राहिलेल्या माणसांवरून करावी.

पायरीचे गणित

डोंगरातल्या तीर्थाला पायऱ्या असायच्याच. कपिलधार असो, पाटोदा तालुक्यातले सौताड्याचे रामेश्वर असो, बालाघाटातले पाणी दरीत पडते आणि देवही पाण्याशेजारी दरीत असतो. धडधाकट माणसाला पायरी दिसतसुद्धा नाही. कुबडी घेऊन चालणाऱ्याला ती एकेक करून मोजावी लागते.

कुबडीच्या टोकाला रबराचे बूट असते. कोरड्या फरशीवर ते घट्ट धरते. शेवाळलेल्या ओल्या कातळावर आणि दिंडीतल्या शेकडो ओल्या पायांनी चिखल झालेल्या फरशीवर तेच रबर साबणासारखे सरकते. उतरताना कुबडी आधी खालच्या पायरीवर टेकावी लागते, मग सगळे वजन तिच्यावर टाकून पाय आणायचा. पायरी अरुंद असेल तर कुबडी आणि पाऊल दोन्ही मावत नाहीत. एक पायरी सहा इंचांची आणि पुढची नऊची असेल तर अंदाज चुकतो. कठडा असेल पण भिंतीला चिकटवून बसवलेला असेल तर बोटे आत जात नाहीत. केंद्र सरकारची २०२१ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे यावर अगदी साधे बोलतात. पायरीची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, रुंदी ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नको, सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात आणि दोन्ही बाजूंना हाताला धरता येईल असा कठडा हवा. यात महागडे यंत्र कुठेच नाही. गवंड्याच्या हातात टेप असला आणि त्याला कुणी ही मापे सांगितली की झाले.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार लागतो, आणि उताराचे गणित मात्र कठोर आहे. एक फूट उतरायचे तर बारा फूट लांबी लागते. समजा पन्नास फूट खाली जायचे आहे. सहाशे फुटांचा उतारमार्ग झाला, वर दर तीसेक फुटांवर दम खायला सपाट जागा. अनेक तीर्थांवर आणि कचेऱ्यांतही हा हिशेब न करता दोन-तीन पायऱ्यांवर सिमेंटची घसरगुंडी ओततात आणि तिला रॅम्प म्हणतात. त्या घसरगुंडीवरून खुर्ची वर न्यायला दोन जण ढकलायला लागतात आणि खाली येताना चौघे धरायला. उद्‌घाटनाच्या फोटोत ती छान दिसते.

सरकारी शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल ज्यांच्याकडे आहे त्यांची अडचण आणखी वेगळी. हाताने पायडल फिरवत माणूस गाडीतळापर्यंत स्वतःच्या बळावर येतो. पुढे सायकल सोडून त्याने जायचे कसे, याचे उत्तर कुणाकडे नाही. कुणीतरी पाठकुळी घेते. घेणाऱ्याच्या मनात भक्तीच असते. पण चाळिशीच्या कर्त्या पुरुषाला पोत्यासारखे पाठीवर टाकून शेकडो लोकांमधून नेणे त्याला आवडते का, हे विचारायचे राहून जाते.

मदत आणि सोय

इथे दिंडीबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. मराठवाड्यातली दिंडी ही फार सामावून घेणारी संस्था आहे. ज्याला चालवत नाही त्याला टेम्पोत जागा मिळते. वाटेतल्या गावात पंगत उठते, ओळखपाळख नसलेल्या घरात अंथरूण मिळते. आंधळ्या म्हाताऱ्याचा हात धरायला दहा हात पुढे येतात. ही परंपरा ज्या विचारातून आली त्यात माणसामाणसांतली उतरंड नाकारण्याचा आग्रह मुळातच आहे. बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात बसवेश्वरांनी वेगवेगळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या स्त्री-पुरुषांना एकत्र बसवले. देह हेच मंदिर मानणारी ही धारणा आहे. देह मंदिर असेल तर लंगडा देहही मंदिर आणि थकलेला देहही मंदिर.

तेव्हा कपिलधारला येणाऱ्या लोकांत माया कमी नाही. कमी आहे ती सोय. मदत दुसऱ्याच्या सवडीवर आणि मर्जीवर चालते. ती दर वेळी मागावी लागते, आणि मागणाऱ्याला दर वेळी थोडे वाकावे लागते. यात्रेच्या दिवशी शंभर हात असतात, आडवारी मंगळवारी दुपारी एकही नसतो. कठडा मात्र मंगळवारीही जागेवर असतो. ज्याला स्वतःहून जाता येते त्याला धबधब्यासमोर एकट्याने बसायचेही स्वातंत्र्य मिळते. करमणुकीत हे स्वातंत्र्य अर्धे अधिक असते. दवाखान्यात आपण कुणाच्या आधाराने जातो, फिरायला मात्र आपल्या मनाने जावेसे वाटते.

‘कळसाला हात जोडले तरी पोचतो’ असा दिलासाही आपण सहज देतो. भक्तीपुरता तो ठीक असेल. पण मराठी माणसाने हा दिलासा देताना पंढरपूर आठवावे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. आत जाऊ न दिलेल्या संताला आपण पायरीशी जागा दिली आणि त्यात समाधान मानले. ते देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

जातीने नाकारणे आणि बांधकामाने नाकारणे एका तराजूत घालायचे नाही. पहिल्यात द्वेष होता, दुसऱ्यात बहुतेकदा विसर असतो. पण कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जावे लागले. ठरावाने दार उघडते ते कागदावर, हा धडा तेव्हाच मिळालेला आहे.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. सार्वजनिक इमारतीची त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सरकारी असो वा खासगी, जिथे लोक धार्मिक, सांस्कृतिक, विरंगुळ्याच्या वा करमणुकीच्या कारणाने येतात ती जागा तिच्यात येते. म्हणजे देऊळ, बाग आणि सहलीचे ठिकाण तिन्ही आले. संस्कृती आणि करमणूक यांचा हक्क सांगणारे स्वतंत्र कलमही कायद्यात आहे. नियम १५ जून २०१७ रोजी आले आणि तेव्हापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायच्या होत्या. ती मुदत २०२२ मध्ये संपली.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुखण्यावर नेमके बोट ठेवले. सुगम्यतेचे निकष नियमांमध्ये नुसत्या शिफारशींसारखे लिहिले होते, ‘जमले तर करा’ अशा थाटात. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला आणि सरकारला किमान सक्तीचे निकष ठरवायला सांगितले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यातल्या सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या. तेव्हा प्रकार कमी मोजले जात होते, हे लक्षात घेतले तर आकडा वाढेल, घटणार नाही.

दाखल्यात न बसणारी शरीरे

बीड जिल्ह्यात हा प्रश्न दिव्यांगांच्या दाखल्यापाशी थांबत नाही. हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळी बांधून डोक्यावरून गाडीत भरायची. असे पाच-सहा महिने. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या बायका पस्तिशी-चाळिशीतच कंबर, पाठ, सांधे धरून चालू लागतात. यांच्याकडे दिव्यांगाचा दाखला नसतो आणि पायरी यांनाही चढवत नाही.

कार्तिकी पौर्णिमेला यांच्यातले बरेच जण फडात असतात. उत्सवाची तिथी त्यांच्यासाठी बदलणार नाही, बदलूही नये. त्यांच्या वाट्याला जिल्ह्यातले जे दिवस येतात ते पावसाळ्यातले. म्हणजे श्रावणातला धबधबा हीच त्यांची यात्रा आणि तीच सहल. त्या दिवसांत पोलीस, दिवाबत्ती, साफसफाई यात्रेच्या तुलनेत नावापुरती राहिली तर ज्यांना वर्षात दुसरा विरंगुळा नाही त्यांच्यावरच अन्याय होतो.

बायकांची आणखी एक गोष्ट. धबधब्याखाली पुरुष बनियन-चड्डीवर उभे राहतात, बायका साडी-ड्रेससकट भिजतात. भिजल्यावर काय, हा प्रश्न फक्त बायकांना पडतो. मग दोघीजणी चादर ताणून धरतात, तिच्याआड तिसरी घाईघाईने कपडे बदलते आणि चौथी मोबाइल धरून उभ्या असलेल्या पोरांवर नजर ठेवते. हे दृश्य राज्यातल्या कुठल्याही धबधब्यावर पाहायला मिळते. ज्यांना चादरीचा भरवसा वाटत नाही त्या भिजतच नाहीत. पाणी पिणेही टाळतात, कारण शौचालय कुठे असेल आणि कसे असेल याची खात्री नसते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांविषयी २०११ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात एक मुद्दा लावून धरला आहे. बाईला घराबाहेर पडायला कारण लागते. कामाशिवाय, नुसते मजेसाठी सार्वजनिक जागी रेंगाळायचा तिचा हक्क आपण मानत नाही. तीर्थक्षेत्राला देवाचे कारण असते म्हणून कपिलधारला बायका येऊ शकतात. तिथे आल्यावर मजा करायची सोयही त्यांना हवी.

एस.टी. स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष झाले. तसाच एक कक्ष आणि आतून कडी लागणाऱ्या कपडे बदलायच्या दोन खोल्या इथे करायला किती खर्च येईल? खर्चापेक्षा कडीची काळजी अधिक आहे. दिव्यांगांसाठीचे शौचालय बांधले जाते, आत झाडू आणि फिनेलचे डबे ठेवले जातात, दाराला कुलूप लागते आणि किल्ली कुणा एकाकडे असते, तो यात्रेला आलेला नसतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की कुठल्या एका गावाला बोल लावण्यात अर्थ नाही.

इतरांनी काय केले

चेन्नईच्या मरीना समुद्रकिनाऱ्यावर वाळूतून पाण्याजवळ जाणारा २६३ मीटर लांब, ३ मीटर रुंद लाकडी मार्ग नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला. सुमारे १ कोटी १४ लाख रुपये खर्च आला. जन्मभर चेन्नईत राहून समुद्राचे पाणी पहिल्यांदा पायाला लागले, अशी माणसे तेव्हा पुढे आली. दोन आठवडे होत नाहीत तोच मंदोस चक्रीवादळाने त्या मार्गाचा काही भाग मोडला. महापालिकेने तो दुरुस्त करून पुन्हा खुला केला, आणि मला यातली ही दुरुस्तीच जास्त मोलाची वाटते. बांधायला सगळे पुढे असतात.

नागपुरात पारडी भागात ‘अनुभूती’ नावाच्या समावेशक उद्यानाची घोषणा २०२३ च्या सुरुवातीला झाली. ९० हजार चौरस फूट जागा आणि सुमारे १२ कोटींचा खर्च. पणजीत त्याच जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट भरला, दिव्यांगांच्या आनंदाचा उत्सव म्हणून. डोंगराळ तीर्थांपैकी सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते, त्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्या टाळून वर जाता येते. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. अजिंठ्याला डोलीवाले आहेत.

कपिलधारला यातले जसेच्या तसे काही आणू नये. बारा कोटींची बाग इथे शोभणारही नाही. बीड शहराजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सह्याद्री देवराईने झाडे लावली, फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपदी चक्क वडाचे झाड बसले. या जिल्ह्याला थाटामाटाशिवाय कल्पक होता येते.

दोन आक्षेप

हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, “असे किती लोक येतात हो?” येत नाहीत म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून येत नाहीत, हे चक्र कुणीतरी तोडायचे असते. शिवाय सोय झाली की वापरणारे फक्त दिव्यांग नसतात. उतारावरून बाबागाडी जाते, महाप्रसादाची भांडी जातात, गुडघ्याचे ऑपरेशन झालेले महाराज जातात, आणि एखाद्याला चक्कर आली तर स्ट्रेचरही जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डोंगरात सिमेंट ओतून निसर्गाचा सत्यानाश करायचा का? मुळीच नाही. बालाघाटाचा कातळ फोडून सहाशे फुटांचा वळणावळणाचा उतार करण्याआधी शंभरदा विचार व्हावा. पण सुगम्यता म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक दगडापर्यंत नेणे नव्हे. गाडी जिथवर पोचते त्याच पातळीवर, जिथून धार पूर्ण दिसते आणि वाऱ्याबरोबर तुषार अंगावर येतात अशी एक जागा शोधावी. तिथवर खडबडीत, न घसरणारी सपाट वाट करावी. पाठ टेकायला आणि उठताना हात रोवायला आधार असलेली बाके मांडावीत, शेजारी खुर्ची लावायला मोकळी जागा ठेवावी. बाके कुटुंबाला पुरतील इतकी हवीत, म्हणजे आजीबरोबर नातवंडेही बसतील. दिव्यांगांचा वेगळा कोपरा केला तर गाडीत बसण्याचीच ती सुधारित आवृत्ती होईल.

बाकीचे काम त्याहून हलके आहे. आहेत त्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा, कमी दिसणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे कठडा. शेवाळ आठवड्याला घासायला माणूस. हरवले-सापडलेच्या घोषणा कर्ण्यावर होतात, त्याच फळ्यावरही लिहाव्यात, कारण बहिऱ्या माणसाचीही ताटातूट होते. पाणी वाढल्याचा इशारा भोंग्याबरोबर लाल दिव्यानेही द्यावा. अंध माणसासाठी तर धबधब्यासारखी दुसरी जागा नाही. आवाज, गारवा, ओल्या मातीचा वास, सगळे आयते असते. त्याला फक्त कड कुठे संपते हे पायाखाली कळायला हवे, त्यासाठी ठिपक्यांच्या फरशीची एक ओळ पुरते. आणि ज्या मुलांना गोंगाट सोसत नाही त्यांच्या आईबापांसाठी डीजे बंद ठेवणे हीच मोठी सुधारणा ठरेल. तिला तर एक रुपयाही लागत नाही.

पैसा कुठून, याचीही वाट आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तेवढ्याने सगळे होणार नाही, पण तीर्थक्षेत्र विकासाच्या नावाने सभामंडप, कमानी, पेव्हर ब्लॉक यांची अंदाजपत्रके होतच असतात. त्याच अंदाजपत्रकात मापे लिहिली तर खर्च फारसा वाढत नाही. काम झाल्यावर तोडून पुन्हा करायचे ठरले तर दुप्पट होतो.

म्हणून मागणी एकच आणि लहान आहे. कपिलधारला पुढचे कुठलेही काम निघेल तेव्हा जागेची पाहणी करायला अभियंता, सरपंच, विश्वस्त आणि ठेकेदार जातीलच. त्यांच्याबरोबर एक तीनचाकी सायकलवाला, एक अंध भाविक, एक ऊसतोड बाई आणि एक गुडघे धरलेली आजी यांनाही न्यावे. नकाशा त्यांच्यापुढे पसरून विचारावे, तुम्ही कुठवर जाऊ शकता? ते जिथे थांबतील तिथून कामाला सुरुवात करावी आणि काम पुरे झाल्याचा दाखला त्यांच्या सहीशिवाय देऊ नये. सरकारी कागदावर अंगठ्याला जागा असतेच, आजीचा अंगठाही तिथे चालेल.